शब्द सोडून सगळं

खट् असा आवाज झाला. बाळ नुकतंच झोपलं होतं. तान्हं मूल झोपल्यावर घरात जी एक भित्री शांतता उतरते, जिच्यात आपण चमचासुद्धा दोन्ही हातांनी ठेवतो, तिच्या मधोमध तो आवाज झाला. न्हाणीघराची कडी. मुंगीनं पहिल्यांदाच आतून कडी लावली होती. कितीतरी दिवस ती टाचा उंचावून त्या कडीशी झोंबत होती. बोटं पोचायची पण जोर पुरायचा नाही, आणि आज जोर पुरला होता. मला हसूच आलं. पोरगी मोठी झाली, आता ही आईपासूनही दारं लावून घेणार, असं काहीतरी मनात येतंय न येतंय तोच स्वयंपाकघरातून दादा धावत आला. तो मटार सोलत बसला होता; मांडीवरचं ताट पडलं, दाणे फरशीभर पळाले. त्यानं दार वाजवलं नाही, "मुंगे, उघड" म्हणाला नाही. खांदा लावला आणि एकदाच ढकललं. कडीचे स्क्रू लाकडातून सुटून आत कुठेतरी वाजले. आत मुंगी स्टुलावर उभी राहून आरशात आपला हलणारा दात बघत होती. तिनं मान वळवली, आधी दाराकडे पाहिलं, मग मामाकडे, आणि रीतसर तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मामा, मी आत होते ना."

"हो," दादा म्हणाला. "चुकलं माझं."

मग तो तिथेच ओल्या फरशीवर बसला. बाळ अर्थातच उठलं होतं. त्याला खांद्यावर थोपटत मी दारात उभी राहिले. चष्म्याच्या दुकानात काम करते मी, सध्या बाळासाठी रजेवर आहे. पण माणसांचे डोळे इतक्या जवळून बघायची सवय रजेवर जात नाही. दादाच्या बुबुळांचा रंगच दिसत नव्हता, नुसत्या काळ्या बाहुल्या पसरल्या होत्या, जशा डॉक्टरांनी औषधाचे थेंब घातल्यावर पसरतात. त्याला मी दिसत नव्हते. मुंगी त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि स्वतःचा दात जिभेनं पुढे ढकलून त्याला दाखवू लागली, जणू त्याची समजूत घालायला तिच्याजवळ तेवढं एकच काहीतरी होतं. त्यानं दात पाहिला. "वा," म्हणाला. "पडला की मला दे, मी खिडकीला लावतो." खिडक्या बसवणं हा त्याचा धंदा. उंच उंच इमारतींना काचा बसवतो, दोराला लटकून, आणि वर असताना फोन करून मला सांगतो, आत्ता एका बाईचा मासा जळतोय आणि तिला पत्ता नाही. असा माणूस. घरात शिरला की घर हसायला लागतं. आणि आता मला एकदम लक्षात आलं की या माणसानं उभ्या आयुष्यात कधी आतून कडी लावलेली मी ऐकली नाही. न्हाणीघरात जाताना तो गाणं म्हणतो, मोठ्यानं, बेसूर, म्हणजे कुणी आत येऊ नये. आम्ही त्याच्या गाण्याला हसायचो. आई म्हणायची, याच्या गळ्याला कडी घाला रे कुणीतरी.

तो आला होता मोठ्या फादरांच्या समारंभासाठी. निदान मला तसं वाटलं होतं. मोठे फादर म्हणजे आमच्या लहानपणीचे फादर. त्यांच्यानंतर किती आले, किती गेले, पण मोठे म्हटलं की तेच. त्यांना धर्मगुरू होऊन पन्नास वर्षं होत होती. आता फार थकलेत, लांब कुठेतरी वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात असतात, पण या रविवारी आमच्या चर्चमध्ये येऊन मिस्सा, म्हणजे वेदीवरची मोठी उपासना, करणार होते. सगळीकडे धावपळ चालली होती, बाकांना पॉलिश, पितळेला घासणं, आणि फुलं घेऊन त्यांच्यापुढे चालायला समितीनं मुंगीला निवडलं होतं. मी उडालेच. मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते ना, त्याचं हे फळ असं वाटलं. त्याच संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "फुलं घेऊन? आत जाऊन?" मी म्हटलं, आतच, आपण गेलो होतो तसंच. आमच्या चर्चची ही जुनी पद्धत. फुलं घेणारं मूल मिस्सेआधी वेदीमागच्या खोलीत जातं, तिथे फादर त्याला एकट्याला आशीर्वाद देतात, दार लावून, आणि मग दोघं बरोबर बाहेर येतात. सगळं चर्च त्या बंद दाराकडे बघत थांबलेलं असतं. दार उघडतं आणि ऑर्गन सुरू होतो. मला तो क्षण अजून अंगावर आठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बॅग घेऊन दारात. आई आजारी असताना ज्याला रजा मिळाली नव्हती, तो भाचीच्या फुलांसाठी कामं टाकून आला, याचं मला कौतुक वाटलं होतं.

बाळ पुन्हा झोपलं. मुंगीला मी मटाराचे दाणे वेचायला बसवलं. दादा गॅलरीत गेला, वाळत घातलेल्या दुपट्यांच्या मागे, आणि मी त्याच्या मागून गेले. ऊन चांगलं होतं. खाली कुणीतरी मोटार धूत होतं, पाण्याचा फवारा पत्र्यावर वाजत होता. दादा कठड्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, तिला त्या खोलीत पाठवू नकोस. मी विचारलं, का? तो म्हणाला, "मास्तरीणबाई, मी आता जे सांगणार त्यानं माझं जे व्हायचं ते होईल, ते मला ठाऊक आहे. तू मध्ये बोलू नकोस. नाहीतर राहून जाईल."

त्यानं सांगितलं ते फार थोडक्यात. तो नऊ-दहा वर्षांचा, वेदीवर सेवा करायचा. मिस्सा संपल्यावर झगे घडी करायला मोठे फादर त्याला मागे ठेवायचे. ते खोलीला आतून कडी लावायचे. पुढची वाक्यं मी इथे लिहीत नाही. ती त्याची आहेत, आणि ती त्यानं ज्या आवाजात उच्चारली त्या आवाजाशिवाय ती कागदावर ठेवणं मला जमणार नाही. आवाज साधा होता. खिडकीचं माप सांगावं तसा. फक्त सगळ्या वेळात तो एका दुपट्याची कड दोन बोटांत धरून सरळ करत होता, आणि मोठ्या फादरांना "तो" म्हणत होता. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, त्या माणसाला "तो" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. एकदा नव्हे, दोन वर्षं. आणि प्रत्येक वेळी नंतर तो तिथल्या तिथे खुर्चीत बसायचा, गळ्यात पापकबुलीचा जांभळा पट्टा घालायचा, आणि दादाला समोर गुडघ्यांवर बसवून कबुली घ्यायचा. काय झालं ते दादानं स्वतःचं पाप म्हणून सांगायचं. मग तो क्षमा द्यायचा, आणि शेवटी पट्ट्याचं टोक दादाच्या ओठांवर टेकवून म्हणायचा, हे आता देवाच्या गुपितात गेलं, कबुलीतलं गुपित जो बाहेर काढतो त्याच्या आत्म्याला कधीच क्षमा नाही.

"आणि तू आत्ता काढलंस," मी म्हटलं. मी बोलायला नको होतं, पण तोपर्यंत तो थांबला होता.

"हो."

"तुला वाटत होतं की सांगितलं तर..."

"वाटत नव्हतं," दादा म्हणाला. "माहीत होतं."

गॅलरीत ऊन होतं, दुपटी होती, आत मुंगी एकेक दाणा ताटात टाकत होती आणि दर दाण्याला एक आवाज येत होता. आणि मला कळायला लागलं की माझ्या समोर काय घडलं होतं. माझ्या भावानं नरक पत्करला होता. अलंकारिक नाही, आम्ही त्यावर खरोखर विश्वास ठेवणारी माणसं आहोत, मी नाही म्हटलं तरी माझे गुडघे ठेवतात. हा माणूस इतकी वर्षं ते तोंडात धरून होता, कारण सांगणं म्हणजे कायमचं हरवणं असं त्याला माहीत होतं, आणि आज एका पाच वर्षांच्या मुलीनं कडी लावली, तिला रविवारी त्या खोलीत जायचं होतं, आणि यानं हिशेब केला आणि स्वतःला देऊन टाकलं. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, नखांत काचा बसवायच्या लांबीचा पांढरा मळ, पायात माझ्या नवऱ्याच्या चपला. लहानपणी चर्चमध्ये मान मागे टाकून मी छताकडे बघायचे, इतकं उंच की बघता बघता तोल जायचा आणि आईचा हात धरावा लागायचा. तसं मला झालं. मी कठडा धरला.

आणि मग, कारण मी मास्तरीण आहे, माझ्या तोंडून धडा बाहेर आला. दादा, म्हटलं, ते तसं नसतं. दरवर्षी मी हे मुलांना शिकवते. कबुलीचं बंधन ऐकणाऱ्यावर असतं, फादरांवर. त्यांनी जीव गेला तरी बोलायचं नाही. सांगणाऱ्यावर काही बंधन नाही. दरवर्षी मी मुलांना हेच म्हणते आणि दरवर्षी मुलं हसतात: फादर कुणाला सांगणार नाहीत, पण तुम्हाला सांगायचं असेल तर खुशाल छपरावर चढून सांगा.

दादानं दुपट्याची कड सोडली. "परत म्हण," तो म्हणाला.

मी परत म्हटलं.

"छपरावर चढून?"

"छपरावर चढून."

तो समोरच्या इमारतींकडे बघत राहिला, टाक्या, तारा, कुणाच्या तरी वाळत टाकलेल्या गाद्या. "छपरावर तर मी रोजच असतो गं," तो म्हणाला, आणि हसला, आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्या खाली चेहरा मोडत गेला. मी त्याला जवळ घेतलं. तो माझ्याहून हातभर उंच. त्याचं डोकं खांद्यावर घ्यायला मला चवड्यांवर उभं राहावं लागलं. बाळाला थोपटते त्याच तालात माझा हात चालत होता हे मला नंतर जाणवलं. त्याला रडायचं नव्हतं, त्याला विचारायचं होतं. नक्की का? नक्की. म्हणजे तेव्हासुद्धा? तेव्हासुद्धा. म्हणजे मी आईला... तिथे तो थांबला. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तिच्या उशाशी मोठ्या फादरांचा फोटो असायचा. ती रोज त्यावरची धूळ पदरानं पुसायची, आमच्या दोघांच्या फोटोंआधी.

त्यानंतरचे दिवस मी घरात वावरत होते पण होते भलतीकडेच. बाळाला पाजताना, भांडी विसळताना, मुंगीच्या वेण्या घालताना माझ्यासमोर एकच दृश्य येऊन उभं राहायचं, आणि दर वेळी त्याचा एकेक कोपरा जास्त उजेडात यायचा. मी मुंगीएवढी, थोडी मोठी. चर्चमध्ये बायबल वाचायला माझी निवड झाली होती आणि शनिवारी दुपारी मोठे फादर मला वेदीमागच्या खोलीत वाचन शिकवायचे. शब्द कुठे तोडायचा, कुठे श्वास घ्यायचा. मेणाचा वास, कपाटातल्या झग्यांच्या सोनेरी कडा, खिडकीतून येणारं ऊन आणि त्यांचा तो आवाज, जो ऐकताना वाटायचं की देव बोलला तर असाच बोलेल, न ओरडता. मला त्यांचा आवाज अजून आवडतो, कानात तसाच आहे, मी काय करू? आणि दादा. दर शनिवारी हा माझ्यामागे यायचा. पायरीवर बसायचा, दार सताड उघडं ठेवून, आणि रबरी चेंडू भिंतीवर मारत राहायचा. थप, झेल, थप, झेल. माझं लक्ष उडायचं, मी चिडायचे. फादर म्हणायचे, जा की बाळ, मैदानात खेळ. दादा म्हणायचा, आईनं हिच्याबरोबर थांबायला सांगितलंय. आईनं असं काही सांगितलं नव्हतं. मी घरी येऊन आईला तसं म्हटलंही, की हा खोटं बोलतो, ह्याला माझं कौतुक बघवत नाही. आई म्हणाली, असू दे, भाऊ आहे.

एका शनिवारी ते दार बंद झालं. वारा होता, फादर म्हणाले, पानं उडतायत, आणि उठून दार लोटलं. कडी लागली का? माझी आठवण तिथे येऊन आपटते आणि मागे फिरते. मला आठवतं ते इतकंच की बाहेरची थप थांबली. त्या शांततेत मी एक ओळ वाचली. फादर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, जड आणि उबदार; मला अभिमान वाटत होता. आणि खिडकीची काच फुटली. चेंडू आत आला, कपाटाला आपटला, टेबलाखाली गेला. काचा माझ्या पुस्तकावर पडल्या. पुढे जे झालं ते घरात सगळ्यांना पाठ आहे, लग्नकार्यात सांगून हसायचा तो किस्सा: दादानं देवाच्या घराची काच फोडली, आईनं त्याला भर रस्त्यातून कान धरून नेलं, आणि रविवारी मोठ्या फादरांनी प्रवचनात त्याचं नाव न घेता त्याला माफ केलं. आपल्यातल्या एका छोट्या सैतानानं, म्हणाले, प्रकाश आत यावा म्हणून खिडकी जरा जास्तच उघडली. सगळं चर्च हसलं. आई हसली, मी हसले. दादा वेदीवर घंटी घेऊन उभा होता, झग्यात. काच बसवायला जो माणूस आला त्याच्याजवळ दादा दिवसभर बसून राहिला आणि लांबी कशी भरायची ते शिकला, हा किस्स्याचा शेवट. म्हणून तर याला धंदा मिळाला, आई सांगायची. फादरांची कृपा.

नेम चुकला नव्हता. हे मला आता, बाळाचं तोंड पुसताना, कळत होतं. बोलायची बंदी होती, म्हणून त्या मुलानं शब्द सोडून सगळं वापरलं. पायरी, चेंडू, खोटं, काच, स्वतःचा कान. दर शनिवार. खेळायचा वार होता तो. मुलं मैदानात असायची, त्यांचा आरडाओरडा पायरीपर्यंत यायचा. आणि ज्याला वाटत होतं की आपला आत्मा आधीच मळलाय, त्याला दुसऱ्या कुणाला वाचवायचं सुचलं कसं? कुणी शिकवलं त्याला? मी मुलांना संतांच्या गोष्टी सांगते, कुणी सिंहासमोर उभं राहिलं, कुणी आगीत. त्यांची चित्रं वाटते. माझ्या घरात एक जण पायरीवर बसला होता आणि मी त्याच्यावर चिडत होते.

नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास हातात तसाच राहिला. तो बस चालवतो, कमी बोलतो. म्हणाला, दादाला विचार, बिशपांकडे मी बरोबर येऊ का. दादा त्याला म्हणाला, नको, तू बाळ सांभाळ, ते जास्त अवघड आहे. दादा म्हणाला होता, आता वरच्यांनाही सांगायचं, म्हणून आमच्या चर्चच्या नव्या फादरांना मी फोन केला होता. पोरगेलासा माणूस, नीट ऐकून घेतलं, आणि मग म्हणाले की हे त्यांच्या हातात नाही, बिशपांच्या सचिवांना भेटा. मुंगीला घरी ठेवणार होतो, पण ती दारात आडवी झाली. आणि दादा म्हणाला, येऊ दे तिला. आदल्या संध्याकाळी त्यानंच तिला सांगितलं होतं, तिला पेलेल एवढंच: मी लहान असताना मोठ्या फादरांनी मला फार दुखवलं होतं, आणि ते मी आता त्यांच्या वरच्यांना सांगायला चाललोय, आणि म्हणून तू फुलं घेऊन जायचं नाहीस. तिनं विचारलं, रक्त आलं होतं? दादा म्हणाला, बाहेर नाही.

बिशपांचं घर म्हणजे लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंनी बंद दारं आणि त्या फरशीच्या पॉलिशचा वास, तोच, जो लहानपणापासून माझा आवाज आपोआप खाली आणतो. व्हरांड्यात एक म्हाताऱ्या सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी मुंगीला संतांची चित्रं दिली आणि जवळ बसवून घेतलं. आम्ही आत गेलो. सचिव फादर उठून उभे राहिले, दादाचा हात दोन्ही हातांत घेतला, खुर्च्या पुढे केल्या, पाणी मागवलं. सुसंस्कृत माणूस. मग दार लावायला वळले.

"दार उघडं राहू दे, फादर," दादा म्हणाला.

"इथे कुणी ऐकणार नाही, निश्चिंत असा."

"ऐकू दे."

सचिव फादर दाराच्या मुठीवर हात ठेवून क्षणभर थांबले आणि परत येऊन बसले. मग दादानं सांगितलं. गॅलरीत सांगितलं तसंच, थोडक्यात, पण दुपटं नव्हतं; हात गुडघ्यांवर होते आणि स्थिर होते. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मी त्याच्या मागच्या भिंतीवरच्या बिशपांच्या तसबिरींकडे बघत राहिले, ओळीनं, पहिल्यापासून आत्ताच्यापर्यंत, सगळे किंचित हसतायत, आणि त्यांच्या पुढ्यात माझा भाऊ ती वाक्यं म्हणत होता. त्या खोलीत अशी वाक्यं कधी कुणी उघड्या दारानं म्हटली नसावीत. मला वाटलं छत खाली येईल. काही झालं नाही. पाणी आणणारा माणूस ट्रे ठेवून गेला. दादानं पेला उचलला, प्याला, खाली ठेवला, आणि शेवटचं वाक्य पुरं केलं.

सचिव फादर म्हणाले की त्यांना अतिशय दुःख होतंय. म्हणाले, हे ऐकायला त्यांना जड गेलं तर सांगायला किती गेलं असेल. आणि मग, अगदी हळुवारपणे, म्हणाले की यातला बराचसा भाग पापकबुलीच्या पवित्र गुपितात येतो, त्यामुळे त्याबाबत चर्चा करणं कुणालाच योग्य नाही, तुमच्या भल्यासाठीसुद्धा.

दादाचा चेहरा मला दिसला. एक क्षण, एकच क्षण, तो नऊ वर्षांचा झाला. आणि मला माझा आवाज ऐकू आला, वर्गातला, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"फादर, ते गुपित ऐकणाऱ्याचं असतं, सांगणाऱ्याचं नसतं. तुम्हीच छापून आम्हाला वाटलेल्या पुस्तकात आहे. मी मुलांना त्यातूनच शिकवते."

ते माझ्याकडे बघत राहिले. दुकानात गिऱ्हाईक कधीकधी तक्त्यावरची शेवटची ओळ न दिसताच ठामपणे अक्षरं सांगतं, आणि मी काही बोलले नाही की मग गप्प होतं. तसे ते गप्प झाले. खिडकीबाहेर माळी पाइपनं पाणी घालत होता. मग ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज सुसंस्कृत नव्हता, नुसता दमलेला होता, "आम्हाला माहीत होतं."

दादानं विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी सांगितलं. सरळ नाही, वळणं घेत. माझ्या आधीचे सचिव, म्हणाले, त्यांच्याही आधीचे, त्या काळची समजूत, प्रकृतीच्या कारणानं बदली. दादा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे त्याला आमच्याकडे पाठवला तेव्हाही माहीत होतं."

"त्यांनी प्रायश्चित्त केलं होतं," सचिव फादर म्हणाले. "त्या वेळच्या बिशपांना वाटलं, संधी द्यावी."

कुणाला, कसली संधी? मला रडू आलं नाही. मला आईचा पदर दिसत होता, काचेवरून गोल गोल फिरणारा. सचिव फादर पुढे झुकले, आता काय अपेक्षा आहे विचारलं. समारंभ रद्द करता येईल, म्हणाले, फादर आजारी आहेत असं कळवू. लोकांचा विश्वास, हजारो साधी माणसं, ती कुठे जातील? तो विश्वास मोडू नये. घरातल्या गोष्टी घरात. दादा म्हणाला, नको, आजारी नको. आजारी म्हणूनच तर आमच्याकडे आला होता. रविवारी मिस्सा संपल्यावर सूचना वाचतात ना, म्हणाला, तेव्हा कुणीही उठून बोलतं, हरवलेल्या छत्रीचं, भाड्याच्या खोलीचं. तेव्हा मी उठणार आहे. त्याला यायचं तर येऊ दे, नाही तर नको. तुमच्यापैकी कुणी माझ्याआधी उठून म्हणालं की आम्हाला माहीत होतं, तर मी बसून राहीन. मला बोलायची हौस नाही.

सचिव फादर खुर्चीतून सरकून खाली गुडघ्यांवर आले. आपण प्रार्थना करू या, म्हणाले, आणि डोळे मिटले. माझे गुडघे वाकायला लागले, त्यांना दुसरं येतच नाही. उघड्या दारातून मला व्हरांड्यातली मुंगी दिसली. तिनं आतल्या फादरांना गुडघ्यांवर पाहिलं आणि चित्रं बाजूला ठेवून, मीच शिकवलंय तसं, हात जोडून तिथल्या तिथे गुडघे टेकले. दादा उभा राहिला. गुडघ्यांवरच्या त्या माणसाला वळसा घालून तो बाहेर गेला, मुंगीच्या बगलेत हात घालून तिला अलगद उचललं आणि तिच्या पायांवर उभी केली. म्हाताऱ्या सिस्टर टेबलामागे उठून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दादाकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर मी फक्त एकाच ठिकाणी पाहिली आहे, वेदीवर पवित्र भाकर उंच धरतात तेव्हा खालच्या माणसांच्या चेहऱ्यांवर. त्यांनी त्याच्यासाठी बाहेरचं मोठं दार उघडून धरलं, दोन्ही फळ्या, ज्या फक्त बिशपांसाठी उघडतात.

बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. दादा पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला रिक्षा बघू लागला. पाठ ताठ, शर्ट घामानं चिकटलेला, आणि हात वर करून त्यानं एक रिकामी रिक्षा सोडून दिली, जणू त्याला जरा वेळ नुसतं उभं राहायचं होतं. मला त्याच्याजवळ जायला धीर होईना. मुंगी माझं बोट धरून पायऱ्या उतरत होती, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मध्येच थांबली.

"आई, मामानं सांगितलं ते त्या फादरांना आधीच माहीत होतं ना?"

"हो गं," मी म्हटलं.

"मग मामाला का सांगावं लागलं?"